विवेकवर्धिनीचे नाट्यगृह

हैदराबाद शहरी जाणारा प्रवासी प्रथम चारमिनार पाहतो, मग गोवळकोंड्याचा किल्ला चढतो, सालारजंग संग्रहालयात अर्धा दिवस घालवितो आणि परतीच्या गाडीत बसताना हैदराबाद पाहिले असे समाधान मानतो. त्यात वावगे काही नाही. परंतु मराठी माणसाने त्या शहरात आणखी एके ठिकाणी जावे असे आम्हांस वाटते. ते ठिकाण जामबागेत आहे. तेथे तिकीट नाही, वाटाड्या नाही, आणि चित्रांची कार्डे विकणारी पोरेही मागे लागत नाहीत. ते ठिकाण म्हणजे विवेकवर्धिनी ही जुनी मराठी शिक्षणसंस्था. आणि तिच्या नाट्यगृहाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही निघालो गनफाउंड्रीहून. या भागाला जुने लोक 'तोप का सांचा' म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड नावाच्या फ्रेंच सेनापतीने येथे तोफा ओतण्याचा कारखाना घातला होता. जवळच संत जोसेफ यांचे कॅथीड्रल आहे. तेथून आबिडच्या गर्दीतून वाट काढीत आपण कोठीकडे येतो. 'कोठी' म्हणजे इंग्रज रेसिडेंटाचा वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक साहेबाने बांधलेल्या या उंच खांबांच्या प्रासादात पुढे मुलींचे महाविद्यालय आले, आणि आता त्याच आवारात महिलांचे विद्यापीठ आहे. कोठीच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग मांडलेले असतात. शेजारी सुलतान बाजार. त्या बाजारात १९०१ साली स्थापन झालेले 'श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम' हे तेलुगू ग्रंथालय आहे. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. अलीकडे सुलतान बाजारावरून मेट्रो गाडी धावते. तिच्या खांबांच्या सावलीतून चालत गेले की थोड्याच वेळात जामबाग येते.

आता थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. जुने हैदराबाद संस्थान हे एका भाषेचे राज्य नव्हते. प्रजेपैकी सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथाईच्या आसपास मराठी, त्याहून थोडे कानडी. आणि दरबाराची भाषा आधी फारसी व मग उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजी सोडून देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. परंतु ती देशी भाषा होती उर्दू. तेलुगू, मराठी आणि कानडी मुलाला शाळेची पायरी चढताना आपली भाषा बाहेर, वहाणांजवळ ठेवून आत जावे लागे.

अशा परिस्थितीत मराठवाड्यातून आलेले वकील केशवराव कोरटकर, वामनराव नाईक व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळा उभी केली. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून ख्याती पावलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर त्या काळी हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत असत. तेही या खटपटीत होते. केशवराव पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आर्य समाजाचे काम, समाजसुधारणा, शिक्षण या सर्वांत त्यांचा हात असे. संस्थानी मुलखात, परक्या भाषेच्या राज्यात, आपल्या मुलांना चार अक्षरे आपल्या वळणाची मिळावीत, ही तळमळ त्या शाळेच्या पायात आहे.

शाळेबरोबर नाट्यगृह आले. मराठी माणूस जेथे जातो तेथे आधी गणपती बसवितो आणि मग नाटक बसवितो, असे थट्टेने म्हणतात. हैदराबादेतही ते खोटे ठरले नाही. परंतु त्या शहरात नाट्यगृहाला नाटकापलीकडचे मोल होते. संस्थानात सभा भरविणे सोपे नव्हते. सरकारची परवानगी लागे आणि राजकारणाचा नुसता वास आला तरी ती मिळत नसे. पुढे 'गश्ती निशान ५३' या हुकुमाने तर सभांचे तोंडच बांधून टाकले. पडद्यावरच्या चित्रांवरही दरबाराचा डोळा असे. धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली कलावंताने १९२२ च्या सुमारास हैदराबादेत 'लोटस फिल्म कंपनी' काढून मूकपट तयार केले, चित्रगृहेही चालविली. परंतु १९२४ साली त्यांनी 'रझिया बेगम' हा चित्रपट दाखविताच निजामाने त्यांना राज्याबाहेर घालविले. मुसलमान राणीचे परधर्मीय पुरुषावर प्रेम बसते ही कथा दरबारला रुचली नाही. अशा नगरीत चार भिंती, एक व्यासपीठ आणि समोर बसावयास जागा असलेले घर म्हणजे केवढे धन! समाजसुधारणेच्या नावाने लोकांनी एकत्र यावे, बोलावे, ऐकावे, यासाठी विवेकवर्धिनीचे दार उघडे होते. त्या इमारतीच्या खांबकमानींचे वर्णन आम्ही करीत बसत नाही. तिची थोरवी खांबांत नव्हती, या उघड्या दारात होती.

आणि म्हणूनच त्या दाराआड जे घडले ते मनाला अधिक लागते.

१९२१ सालचा नोव्हेंबर महिना. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातील सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष कोण, तर साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचे वय त्या वेळी ६३ वर्षांचे होते. विधवेशी विवाह करून त्यांनी समाजाचा बहिष्कार सोसला होता, हिंगण्याला अनाथ बालिकाश्रम काढला होता, आणि पाचच वर्षांपूर्वी, १९१६ साली, महिलांचे विद्यापीठ स्थापन केले होते. त्या विद्यापीठाचे मुख्य तत्त्व असे, की मुलींना शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून द्यावयाचे. असा अध्यक्ष लाभलेल्या परिषदेत भाषणे चालू होती. कोणी इंग्रजीत बोलले, कोणी उर्दूत, कोणी मराठीत. सर्वांना श्रोत्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

मग अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील उठले. त्यांना एका ठरावावर बोलावयाचे होते, आणि ते तेलुगूत बोलू लागले. ज्या शहरात ते उभे होते त्या शहराच्या चहूबाजूंच्या खेड्यापाड्यांत हीच भाषा बोलली जात होती. परंतु तेलुगू शब्द कानी पडताच सभागृहात गलका सुरू झाला. मराठी आणि कानडी श्रोत्यांनी हुर्यो केली, टाळ्या पिटल्या. वेंकटरामरावांना आपले बोलणे नीट पुरे करता आले नाही.

वाचकहो, नाट्यगृहाचा एक शिरस्ता आपण सर्व जाणतो. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, की प्रेक्षक बोलणे थांबवितो. रंगमंचावर खलपुरुष आला तरी त्याचे भाषण आपण ऐकून घेतो. त्याच्या कपटाचा संताप आला तरी त्याला आत जा असे म्हणत नाही. हा संयम मराठी प्रेक्षकाने नाटक मंडळ्यांच्या राहुट्यांत आणि थिएटरांत रात्र रात्र बसून अंगी बाणवलेला. ज्या घरात खोट्या दुर्योधनाला आणि खोट्या शकुनीला कान मिळत, त्याच घरात एका सज्जन खऱ्या शेजाऱ्याला कान मिळाला नाही. समाजसुधारणेच्या परिषदेत हे घडले, आणि जो समाज सुधारावयाचा त्याचीच भाषा हास्यास्पद ठरली.

त्या रात्रीच तेलुगू मंडळी टेकुमाल रंगराव यांच्या घरी जमली. त्यांनी आरडाओरड केली नाही, की कोणाच्या घरावर चालून गेली नाहीत. त्यांनी एक संस्था काढली. तिचे नाव 'आंध्र जन संघम'. आरंभीच्या मंडळींत माडपाटी हनुमंतराव होते, बूर्गुल रामकृष्णराव होते. हे रामकृष्णराव तर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पदवीधर, मराठी जाणणारे. पुढे १९५२ साली ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. या संघाने गावोगाव वाचनालये काढली, शाळा काढल्या, जुने शिलालेख शोधले, वेठबिगारीविरुद्ध आवाज उठविला. १९३० साली जोगीपेठ येथे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले, ते याच बीजाचे झाड. याच प्रतापरेड्डींच्या कानी पुढे असे आले, की तेलंगणात कवीच नाहीत असे कोणी लिहिले आहे. त्यांनी वादात वेळ दवडला नाही. १९३४ साली त्यांनी 'गोलकोंडा कवुल संचिका' हा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्यात तेलंगणातील ३५४ कवी उभे केले. अपमानाला द्यावयाचे उत्तर कसे असावे, याचा हा धडा आहे.

आता कोणी म्हणेल, एका सभेतील गलक्यावर एवढे काय लिहावयाचे? पण मराठी आणि तेलुगू या दोन भाषांचे जुने नाते ठाऊक असले, म्हणजे त्या गलक्याचे दुःख नीट कळते. तंजावरचा मराठा राजा शहाजी, व्यंकोजीचा पुत्र, याने सतराव्या शतकाच्या अखेरीस स्वतः तेलुगूत यक्षगाने रचली. मराठी राजाने प्रजेच्या काव्यभाषेत लिहिण्यात कमीपणा मानला नाही. तेलुगू रंगभूमीची तर गोष्टच निराळी. १८८० च्या सुमारास धारवाडची नाटक मंडळी फिरत फिरत राजमहेंद्रीला गेली, मांडव घालून तिने हिंदुस्थानीत खेळ केले आणि ती पुढच्या मुक्कामाला गेली. मागे राहिलेल्या त्याच मांडवात कंदुकूरी वीरेशलिंगम या थोर सुधारकाने आपल्या विद्यार्थ्यांकडून तेलुगू नाटके करविली, आणि आधुनिक तेलुगू रंगभूमीचा आरंभ झाला. तेलुगू मुलखात आजही आदराने पाहिली जाणारी 'सुरभी' नाटक मंडळी १८८५ साली कडप्पा भागात निघाली; पिढ्यान्‌पिढ्या नाटक करणारी तिची कुटुंबे आपले मूळ महाराष्ट्राकडे सांगतात.

आणि कोमर्राजू लक्ष्मणराव! ज्या ग्रंथालयाचे नाव ध्यानात ठेवा असे आम्ही म्हटले, त्याच्या संस्थापकांपैकी हे एक. यांचे शिक्षण नागपुरास बहीण-मेव्हण्यांच्या आश्रयाने झाले. ते मराठी शिकले, मराठी नियतकालिकांतून लेख लिहू लागले. मराठी मातीत या तेलुगू मुलाला कोणी हसले नाही. त्याची लेखणी छापली गेली, वाचली गेली. ज्ञानकोशकार केतकर मराठीत करीत होते तसे विश्वकोशाचे काम याच लक्ष्मणरावांनी तेलुगूत आरंभिले. सुलतान बाजारातील त्यांचे ग्रंथालय आणि जामबागेतील विवेकवर्धिनी यांच्यामध्ये पायी थोड्या वेळाचे अंतर. परंतु १९२१ च्या त्या दिवशी ते अंतर फार लांब झाले.

हे असे का झाले असावे? श्रोते दुष्ट नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःची भाषा दरबारात, कचेरीत, विद्यापीठात खालच्या पायरीवर बसलेली पाहिली होती. आमच्या मते हीच त्यातील मेख आहे. ज्याला वरून तुच्छता मिळते, तो ती खाली ढकलून हलका होऊ पाहतो. सासुरवास सोसलेली सून सासू झाली की कधी कधी आपल्या सुनेला तोच सासुरवास करते. घराघरांतील हा अनुभव समाजालाही लागू आहे. तुच्छता सोसल्याने माणूस आपोआप मोठा होत नाही. ती पुढे द्यावयाची नाही असा निश्चय केला, तरच तो मोठा होतो.

या हकीकतीचा शेवट मात्र गोड आहे, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. आंध्र जन संघाच्या माडपाटी हनुमंतरावांनी १९२८ साली हैदराबादच्या नारायणगुडा भागात मुलींसाठी तेलुगू माध्यमाची शाळा काढली. शाळा चालली, मुली शिकू लागल्या. पण वरच्या परीक्षेचे काय? उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. तेलुगूतून शिकविणाऱ्या शाळेला तेथे मान्यता मिळेना. तेव्हा हनुमंतरावांनी मान्यता मिळविली ती महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची. ज्या परिषदेत तेलुगूचा उपहास झाला तिच्या अध्यक्षांनीच स्थापलेल्या विद्यापीठाने तेलुगू मुलींच्या तेलुगू शिक्षणावर आपली मोहोर उठविली. १९२१ साली सभागृहाने जे नाकारले, ते अध्यक्षांच्या संस्थेने काही वर्षांनी पदवीच्या कागदावर देऊन टाकले. हनुमंतरावांचेही मन पाहा. मराठी सभेत आपल्या भाषेला हसले, म्हणून मराठी माणसाच्या विद्यापीठाकडे पाठ फिरविणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मुलींचे हित पाहिले आणि पुण्याचे दार ठोठावले. हेच हनुमंतराव पुढे १९५१ साली हैदराबादचे महापौर झाले.

त्यानंतर काळाचे चाक फिरले. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, कानडी भाग म्हैसुरात गेला आणि हैदराबाद शहर तेलुगू राज्याची राजधानी झाले. २०१४ साली तेलंगण हे वेगळे राज्य झाले, तेव्हा त्या सरकारने कालोजी नारायणराव या लोककवीचा जन्मदिवस, ९ सप्टेंबर, तेलंगण भाषा दिन म्हणून पाळावयाचे ठरविले. या कालोजींचे वडील मराठी वंशाचे, आई कानडी. कवी मात्र ते तेलुगूचे, आणि तेही पुस्तकी तेलुगूचे नव्हे, खेड्यातल्या माणसाच्या बोलीचे.

हैदराबादेत राहिलेला मराठी माणूस आता थोड्यांपैकी एक आहे. बाजारात, कचेरीत, शेजाऱ्याशी तो तेलुगू किंवा दख्खनी हिंदी बोलतो. मराठी घरात, गणेशोत्सवात आणि १९२२ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जपतो. विवेकवर्धिनीची शाळा-महाविद्यालये चालू आहेत, आणि तेथे सर्व भाषांची मुले शेजारी शेजारी बसतात. एके काळी ज्या घरात यजमान मराठी होते, त्या शहरात आज तेच पाहुणे आहेत. आपली चार वाक्ये कोणी न हसता ऐकावीत, एवढीच त्यांची अपेक्षा. आणि वेंकटरामराव वकिलांचीही त्याहून अधिक अपेक्षा नव्हती.

आमच्या वाचकांना ही गोष्ट दूरची वाटू नये. आपल्या वसईच्या मुलखात सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोली बोलणारी माणसे शहरात गेली की आपल्या बोलीवर हसू ऐकतात; कित्येक मुलांनी त्यापायी आजीशी त्या बोलीत बोलणे सोडले आहे. उलट आज आपल्याच गावात कामासाठी दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात. मोडकीतोडकी मराठी जुळवीत ती दुकानात, दवाखान्यात, चर्चच्या अंगणात उभी राहतात. तेव्हा हसणारे आपण असतो. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांचेही पहिले मराठी शब्द बोबडेच असतील. त्यांना कोणी तरी धीराने ऐकून घेतले, चुकले तेथे सुधारले, म्हणून १६१६ साली मराठीला 'ख्रिस्तपुराण' मिळाले.

हैदराबादला जाण्याचा योग आला तर चारमिनार अवश्य पाहावा. पण एक दुपार राखून कोठीच्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांवरून सुलतान बाजारातील त्या तेलुगू ग्रंथालयाकडे जावे, आणि तेथून पायी जामबागेत यावे. वाट अवघड नाही. वाटेत कोणालाही पत्ता विचारावा. तेलुगू येत नसेल तर येईल त्या भाषेत विचारावा. हैदराबादचा माणूस थांबून ऐकून घेतो, आणि वाट दाखवितो.